परवान्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी कीपॅडचा लॉकर : कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

.३२ चं रिव्हॉल्व्हर घरात ठेवण्यासाठी घेतलेला हा नेहमीचा छोटा लॉकर. उंची २०, रुंदी ३१, खोली २० सेंटिमीटर. अंगाचा पत्रा २ मिमी, दाराचा ४ मिमी, मोटरवर सरकणारे दोन बोल्ट, चार पेन्सिल सेल आणि अडीअडचणीला किल्ली. अख्खा पावसाळा आणि त्यामागची थंडी काढल्यावर मत असं की लॉकर घेण्यासारखा आहे, पण दुकानदार ज्या गोष्टी रंगवून सांगतो त्यांचा रोजच्या वापरात फारसा उपयोग नाही. कुठं आणि कसा बसवला, आत ओल किती राहते आणि किल्ली कुणाकडे आहे, यावरच सगळं अवलंबून.

न बसवलेला मोकळा लॉकर हलकाच. चोर तो उघडत बसत नाही, काखोटीला मारून नेतो. पाठीला दोन आणि तळाला दोन भोकं दिलेली असतात, चारही वापरा. अडचण येते ती पेठांमधल्या जुन्या घरांत. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या दगड-विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर आवळला की तो फुलतो खरा, पण आजूबाजूची वीटच भुगा होते आणि बोल्ट जागच्या जागी फिरत राहतो. तिथं आरसीसी कॉलम शोधा. तो नसेल तर रेझिनचा केमिकल अँकर वापरा: भोक पाडून आतली धूळ ब्रशनं आणि पंपानं पूर्ण काढायची, रेझिन भरायचं, रॉड फिरवत आत घालायचा आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत नट आवळायचा नाही. धूळ राहिली तर रेझिन भिंतीला न धरता धुळीलाच धरतं आणि रॉड पुढं हातानं निघून येतो. गवंडी ही पायरी हमखास गाळतो, समोर उभं राहून करून घ्या.

पश्चिमेची भिंत टाळा. आपल्याकडे पावसाची झड तिकडूनच येते, भिंत ओल धरते आणि लॉकरची पाठ आपल्याला न दिसता गंजते. दुसरी भिंत नसलीच तर मध्ये जाड रबरी शीट घाला. नागाळा पार्क, दुधाळी, शाहूपुरीच्या सखल भागात तळमजल्यावर लॉकर नकोच. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. दारातलं सर्किट पाण्यात गेलं की कीपॅड संपला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की हत्यार कुठं न्यायचं ते ठरलेलं असावं. ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबलात तर रस्ता मिळेलच असं नाही.

कुलूप घेताना ते मोटरचं आहे की सोलेनॉइडचं (विजेच्या चुंबकावर चालणारं), एवढं विचाराच. स्वस्त लॉकरमध्ये सोलेनॉइडची छोटी खुंटी स्प्रिंगवर उभी असते. वरून बुक्की मारत मूठ फिरवली तर ती खुंटी क्षणभर उडते आणि दार उघडतं. मोटरच्या बोल्टला हा रोग नाही. बोटाच्या ठशाचं मॉडेल मुद्दाम टाळलं, कारण ओल्या किंवा तेलकट बोटाला तो सेन्सर ओळख देत नाही. कीपॅडवर मात्र रोजचे आकडे झिजून चमकायला लागतात, म्हणून कोड अधूनमधून बदला आणि बटणं पुसत जा. घरच्या कोडबरोबर कारखान्यातून आलेला मास्टर कोडही बदलावा लागतो. बरेच जण तो तसाच ठेवतात आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो! सेल अल्कलाइनच घाला आणि संपायच्या आधी बदला, फुटलेला सेल आतल्या धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

आता ओल, कारण खरा त्रास हाच. लॉकरच्या आतलं कार्पेट जुलैमध्ये दमट हवा शोषून घेतं आणि दार बंद असल्यामुळे ती आतच राहते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर कधीही ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातले क्षार आणि ओल मिळून आठवड्याभरात नळीवर तांबूस ठिपके येतात, आणि चामड्याच्या पट्ट्यात अडकवलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवा थर चढतो. हत्यार सुती फडक्यावर ठेवा, बाजूला ओल शोषणाऱ्या १०० ग्रॅम सिलिका जेलची कापडी पिशवी. नारंगी दाण्यांचं घ्या, हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून परत वापरता येतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नको. धातूवर बोटं लागली की घामाच्या खुणेवरच पहिला गंज धरतो, म्हणून ठेवण्यापूर्वी शेवटचा हात तेलाच्या फडक्याचा. बंदुकीचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नाही, ते चिकट होऊन बसतं. तेलाचा थर पातळच हवा, आणि काडतुसांना तेल अजिबात नाही, बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीत (प्राइमरमध्ये) मुरलं तर काडतूस उडेलच असं नाही.

ठेवताना दरवेळी तीच पद्धत. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर. हत्यार उघडून काडतुसं काढायची, मोजायची, आणि काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी बघून वर बोटानं चाचपायची. मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर हळूहळू उघडलं तर एखादं काडतूस एक्स्ट्रॅक्टरखाली (काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) अडकून राहतं, त्यामुळे नुसत्या मोजणीवर विसंबू नका. मग केबल लॉक (तारेचं कुलूप) मागच्या बाजूनं नळीतून ओवायचं, म्हणजे हत्यार मिटतच नाही. चापाचं कुलूप भरलेल्या हत्याराला लावणं तर सरळ धोका आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या किल्लीच्या स्टीलच्या डब्यात, मूळ खोक्यासकट.

यात वेळ जातो, हे मान्य. कोड, केबलची किल्ली, मग काडतुसं, हे अंधारात पटकन होणारं काम नव्हे. दाराची भक्कम कडी, बाहेरचा दिवा आणि ११२ हेच आधी कामाला येतात. उशाखाली भरलेलं हत्यार हवं असेल त्यांनी हा लॉकर घेऊ नये, आणि परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षित साठवणुकीचं जे हमीपत्र दिलंय ते एकदा काढून वाचावं. परवाना ज्याच्या नावावर, कोड आणि किल्ली त्याच्याकडेच. पोरांना किल्लीची जागा माहीत नाही असं समजणं हा मोठ्यांचा भ्रम असतो. अडीअडचणीची किल्ली लॉकर असलेल्या खोलीत तर नकोच.

हत्याराचा नंबर आणि परवान्याची प्रत लॉकरबाहेर वेगळी ठेवा, चोरी झाली तर ठाण्यात तेच लागतं. निवडणुकीत हत्यार जमा करावं लागलं तर पावतीवर नंबर जुळवून घ्या, आणि परत मिळाल्यावर पुसून, नळीतून तेलाची चिंधी ओढून मगच लॉकरमध्ये ठेवा.