थायलंडला वर्षातून तीन-चार खेपा: व्हिसाविना जावं की डीटीव्ही काढावा?

भारतीय पासपोर्टवर थायलंडला वारंवार जाणाऱ्यांपुढे मुख्य वाटा दोन. दर खेपेला व्हिसाविना उतरून विमानतळावर शिक्का घ्यायचा, नाहीतर एकदाच ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ म्हणजे डीटीव्ही काढून ठेवायचा.

व्हिसामाफीला शुल्क नाही, हा तिचा मोठा फायदा. भारतीयांना नोव्हेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांची सवलत मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये ती ६० दिवसांची झाली. सरकारी निर्णयानं वाढलेली मुदत तशीच कमीही होते, म्हणून तिकीट काढण्याआधी चालू नियम बघाच.

किती वेळा जाता येतं? जमिनीच्या सीमेवरून, उदाहरणार्थ मलेशियातून पादांग बसारमार्गे, व्हिसाविना कॅलेंडर वर्षात दोनदाच. विमानानं येणाऱ्यांसाठी असा ठरीव आकडा नाही, आणि इथेच लोक फसतात. अधिकारी पासपोर्टची पानं चाळतो तेव्हा खेपा मोजण्यापेक्षा त्यांच्यातलं अंतर बघतो. आठ दिवस बँकॉक, मग घरी परत, तीन महिन्यांनी फुकेत: याला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण दोन महिने राहून दोन दिवस क्वालालंपूरला जायचं आणि लगेच पुन्हा दोन महिन्यांसाठी रांगेत उभं राहायचं, हा सरळसरळ व्हिसा रन. नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर कडक नजर आहे आणि माणसाला परतही पाठवलं जातं. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि माणशी २०,००० बाट (थायलंडचं चलन) दाखवता येतील अशी तयारी प्रत्येक खेपेला ठेवा. थायलंडला पोचण्याआधी ऑनलाइन भरायचं डिजिटल आगमन कार्ड व्हिसाविना जा किंवा डीटीव्हीवर, भरावंच लागतं. ते मोफत आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

डीटीव्हीचं मूळ शुल्क १०,००० बाट. पाच वर्षं वैध, कितीही वेळा ये-जा, दर प्रवेशाला १८० दिवस. अट मात्र जड आहे: खात्यात ५ लाख बाट, म्हणजे तेरा लाख रुपयांच्या वर, दाखवावे लागतात. शिवाय थायलंडबाहेरच्या कंपनीचं दूरस्थ काम, किंवा मुए थाई (थाई बॉक्सिंग), थाई स्वयंपाक अशा अभ्यासक्रमाचा प्रवेश असा पुरावा हवा. अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा आणि नाकारला तर शुल्क परत मिळत नाही.

लॅपटॉपवर काम करत तिथे राहणाऱ्यांना मी डीटीव्हीच सुचवेन. पर्यटक म्हणून शिक्का घेऊन महिनोन्‌महिने ऑफिसचं काम करणं जोखमीचं आहे. डीटीव्हीवर निदान काय करता ते उघडपणे सांगता येतं. फक्त कॅलेंडर वर्षात मुक्काम १८० दिवस किंवा त्याहून जास्त झाला की तिथले कर-रहिवासी ठरता, आणि २०२४ पासून परदेशातली कमाई थायलंडमध्ये आणली तर तिच्यावरही कर लागू शकतो. दिवसांची नोंद ठेवा.

बहुप्रवेशी पर्यटक व्हिसा हा तिसरा पर्याय: ५,००० बाट, सहा महिने वैध, दर प्रवेशाला ६० दिवस. सगळ्या खेपा एकाच हंगामात होणार असतील तरच तो परवडतो.

आठवड्या-दहा दिवसांच्या सुट्ट्यांसाठी मात्र तेरा लाख अडकवण्याचं कारण नाही, व्हिसामाफी पुरेशी आहे. शिक्क्यावरची तारीख तेवढी पाळा: जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड लागतो, आणि पुढच्या खेपेला ती नोंद अधिकाऱ्यासमोर असते.