हँड व्हॅक्यूम पंप घेतला, जुन्या ट्रकच्या इंजिनवरचे अनोळखी डबे ओळखायला

सत्तरच्या दशकातला अमेरिकन पिकअप असेल आणि बॉनेट उघडल्यावर सगळीकडे काळ्या रबरी नळ्या न् पत्र्याचे गोल डबे (आत रबरी पडदा म्हणजे डायफ्राम, इंजिनाच्या व्हॅक्यूमने म्हणजे ओढीने हलणारा) दिसत असतील, तर कार्ब्युरेटरचं किट मागवायच्या आधी हा पंप घ्या. माझी १९७६ ची शेव्हरोले सी-१० आहे, ३५० व्ही-८, बॉनेटखालचं एमिशनचं स्टिकर कधीच उडालंय, म्हणजे कुठली नळी कुठे जायची हे सांगणारं गाडीवर काहीच शिल्लक नाही.

पंप साधा आहे, मूठ दाबत राहायचं, गेजवर इंच मर्क्युरीत रीडिंग येतं. डब्याच्या निपलला नळी लावायची, दहा-पंधरा इंच व्हॅक्यूम ओढायचा आणि काय हललं ते बघायचं, बस. एअर क्लीनरच्या तोंडावरच्या डब्याला लावला तर आतली फ्लॅप सरकते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरची गरम हवा आत घ्यायचा रस्ता उघडतो, म्हणजे हा वॉर्म-अपचा पार्ट. कार्ब्युरेटरच्या अंगाला चिकटलेला डबा चोकची पट्टी (थंड इंजिनाची हवा अडवणारी) किंचित उघडतो, तो चोक पुल-ऑफ. आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली एखादा डबा दांडीने व्हॉल्व्ह फिरवत असेल तर तो ईएफई, जीएमने १९७५ पासून आणलेला, थंड इंजिनात एक्झॉस्टची उष्णता इनटेकखाली वळवतो. त्याच्या आधीच्या इंजिनांवर हेच काम हीट रायझर करायचा, पण त्याला डबा नसतो, बायमेटल स्प्रिंग आणि एक वजन असतं, तिथे पंपाचा काही उपयोग नाही, इंजिन थंड असताना वजन हाताने फिरतं का बघा. बहुतेक ठिकाणी गंजून जाम झालेलं असतं, आणि बंद अवस्थेत जाम असेल तर गरम इंजिनसुद्धा दम धरत नाही आणि लोक उगाच कार्ब्युरेटरला शिव्या घालतात.

ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, त्याच्यासाठी तर पैसे वसूल. इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून व्हॅक्यूम दिला की इंजिन अडखळलं पाहिजे किंवा बंद पडलं पाहिजे. व्हॉल्व्ह वर उचलला जातोय पण इंजिनला काही फरकच नाही, तर आतले रस्ते कार्बनने बुजलेत. मात्र पॉझिटिव्ह बॅकप्रेशर टाइपचा (एक्झॉस्टचा दाब आला तरच चालणारा) ईजीआर इंजिन बंद असताना व्हॅक्यूम धरतच नाही, त्याची रचनाच तशी आहे, आणि असे कितीतरी चांगले व्हॉल्व्ह "डायफ्राम फाटला" म्हणून भंगारात गेलेत. थर्मोस्टॅट हाउसिंगजवळ कूलंटमध्ये बसवलेला, निपलवाला स्विच असतो ना, त्यातून व्हॅक्यूम पुढे जातो का हे थंड असताना आणि गरम झाल्यावर तपासायचं, दोन्ही वेळा सारखंच वागला तर मेलाय.

नळ्यांसाठी पंप मारायचीही गरज नाही, नुसतं गेज लावा. आयडलवर सतरा ते एकवीस इंच आणि काटा स्थिर, तर इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम. आयडलवर जवळपास शून्य आणि थ्रॉटल थोडा उघडला की चढला, तर पोर्टेड, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या वरच्या भोकातून येणारा. निम्म्या नळ्यांचा उलगडा इथेच होतो.

आता तक्रारी. सोबत आलेले प्लास्टिकचे कनेक्टर फालतू आहेत, गरम इंजिनजवळ एक तडकलाच. नळीही आखूड, व्ही-८ च्या मागच्या बाजूला हात पोचेपर्यंत गेज दिसेनासं होतं. वापरायच्या आधी दरवेळी टोकावर बोट दाबून काटा थांबतोय का बघा, नाहीतर पंपाची गळती डब्याच्या नावावर जाते. आणि मधे कुठे दोन रंगांची छोटी प्लास्टिकची चकती असेल तर तो डिले व्हॉल्व्ह, त्याच्यातून व्हॅक्यूम हळूच पोचतो, काढून मग टेस्ट करा, आणि काढताना कुठला रंग कार्ब्युरेटरकडे होता त्याचा फोटो घ्या कारण उलटा बसवला तर काम बिघडतं.

बेल्टवर फिरणारा एअर पंप (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा) ओळखायला याची गरज नाही, त्याचे पाइप सरळ एक्झॉस्टकडे जातात, दिसतंच. त्या पाइपांवरच्या चेक व्हॉल्व्हमधून हवा एकाच दिशेने गेली पाहिजे, गाडी थंड असताना काढून फुंकून बघितलं तरी कळतं.

ब्रेक ब्लीडिंगच्या (ब्रेकच्या तेलातली हवा काढायच्या) बाटलीवाला मोठा सेट या कामाला नको, नुसता पंप न् गेज पुरे, पण बॉडी मेटलची आणि सील बदलता येतील असाच घ्या. माझ्याकडून चार स्टार, एक कनेक्टरचा कापला.