नऊ महिने काता: तालीम कुस्तीची की नाटकाची?

ज्युदोला गेले ती समोरच्याला आपटायला. कोथरूडच्या क्लासमध्ये सरांनी आठवड्यातले दोन दिवस नागे-नो-काताला, म्हणजे जोडीने ठरलेल्या क्रमाने करायच्या फेकींच्या सरावाला, लावले, तेव्हा फी परत मागावी असं वाटलं होतं. १५ फेकी, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडूनही. कोण कुणाला कधी पाडणार ते आधीच ठरलेलं. उमेदीची वर्षं शुक्रवार पेठेतल्या तालमीत काढलेले आमचे मामा एकदा बघायला आले आणि म्हणाले, "अगं, तालीमच आहे ही, पण नाटकाची!"

मलाही तसंच वाटायचं. पहिली फेक उकी-ओतोशी. तीन पावलं सरकत जायचं, तिसऱ्याला तोरी, म्हणजे फेकणारा, गुडघा टेकून खेचतो आणि उके, म्हणजे पडणारा, गिरकी घेऊन पडतो. रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीत, ही फेक मला आजवर एकदाही लागलेली नाही.

फरक पडला तो उके होऊन. एका संध्याकाळी जोडीदारणीने तिसऱ्या पावलाला खेचलंच नाही आणि मी एकटीच हवेत उडी मारून आडवी! म्हणजे इतके दिवस मी पडत नव्हते, पडून दाखवत होते. मग ती खेचेपर्यंत थांबायला लागले, तेव्हा कुठे कळलं की पाऊल टेकून वजन चवड्यावर येतं, तेवढ्या एका क्षणात माणूस रिकामा असतो. ओकुरी-आशी-हराई, म्हणजे पायाने पाय झाडून पाडायची फेक, आता रांदोरीत लागते ती त्यामुळेच. पूर्वी मी नुसत्या नडग्या सोलत होते, स्वतःच्याही.

तक्रारी आहेतच. जुलैत जाड ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, दोन दिवस वाळत नाही. आणि नुसता काता करणाऱ्याला जरा कुणी अडून उभं राहिलं की काही सुचत नाही. कोदोकान ही ज्युदोची शाळा १८८२ मध्ये काढणाऱ्या जिगोरो कानोंनीही काता आणि रांदोरी दोन्ही ठेवले होते. रांदोरी नसलेल्या क्लासला मी जाणार नाही.

काता-गुरुमा मात्र आवडीची. समोरच्याला खांद्यांवर आडवं घेऊन पलीकडे टाकायचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पायाला हात घालण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले, त्यामुळे मांडीत हात घालून उचलायची ही जुनी रीत आम्हाला कातातच भेटते. मामांना मोबाइलवर दाखवली, तर चहा बाजूला ठेवून म्हणाले, "हा तर आमचा कलाजंग! पण मान बाहेर का ठेवलीस? काखेत चिकटव."

पुढच्या गुरुवारी सरांनीही तेच सांगितलं.