साडीवाल्यांसाठी इन्स्टाग्राम बरं की व्हॉट्सअ‍ॅप?

बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या साडीवाल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. रीलला लाइक भरभरून येतात, मग गल्ला का हलत नाही?

इन्स्टाग्रामवर माणूस फिरायला आल्यासारखा येतो. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत भारतात रील्स आल्या आणि खडे बाजारातला पदर कोल्हापूर, हुबळी, पुण्यापर्यंत दिसायला लागला. खाली कॉमेंट एकच, ‘प्राइस?’ कुणी मराठीत विचारतं, कुणी कन्नडमध्ये. त्यावर ‘इनबॉक्स करा’ म्हटलं की निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळतात. भाव लपवायची ही खोड कुणी लावली देव जाणे! सरळ उघड लिहावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइक कमी, चौकशी खरी. ‘काठ जवळून दाखवा’, ‘उन्हात धरून फोटो पाठवा’, ‘ब्लाउजपीस आहे ना?’ असं विचारणारी बाई घेणारीच असते. शिवाय फोटो खानापूरच्या नणंदेला, निपाणीच्या मावशीला पुढे जातो. ती जाहिरात फुकट. पण एकच मेसेज एकदम अनेकांना धाडायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. रोज सकाळी ‘शुभ प्रभात’ धाडलंत तर म्यूट ठरलेलं.

तक्रार मात्र लोक इन्स्टावरच करतात, चारचौघांत. रंग गेल्याची कॉमेंट डिलीट केली की स्क्रीनशॉट फिरतो. तिथंच उत्तर द्यावं.

माझं मत? नवं गिऱ्हाईक रीलवर गाठा, भावताव आणि पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर. वेळ एकालाच असेल तर व्हॉट्सअ‍ॅप.