सात महिने, एक शहर, पाच कॅमेरे: लाइव्ह वेबकॅमचा अनुभव

सप्टेंबरमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढचे दोन महिने त्यांना घरातच बसावं लागणार होतं. ज्या माणसाने एकतीस वर्षं भूगोल शिकवला त्याला खिडकीतून दिसेल तेवढंच जग कसं पुरणार? म्हणून मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि लाइव्ह वेबकॅम लावून दिले. सुरुवात सगळे करतात तशीच झाली. टोकियोचा शिबुया चौक, न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर, व्हेनिसचा कालवा. चार दिवस गंमत वाटली. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "अशाने काही हाती लागायचं नाही. एकच जागा धर आणि ती रोज बघ."

जागाही त्यांनीच निवडली, ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक. कारण फॉन, म्हणजे डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरणारा कोरडा, उबदार वारा. शाळेत 'स्थानिक वारे' शिकताना फॉन, चिनूक, सिरोको, मिस्ट्रल अशी यादी आपण सगळ्यांनीच पाठ केलेली आहे. बाबांनी ती दरवर्षी फळ्यावर लिहिली, पण त्यातला एकही वारा त्यांनी पाहिला नव्हता.

आता मार्च संपत आलाय. आम्ही अजून रोज बघतो. कोणाला असं एखादं शहर धरून बघायचं असेल तर आमचे सात महिन्यांचे अनुभव उपयोगी पडतील म्हणून लिहिते आहे.

आधी शहराची निवड. वेबकॅमसाठी शहर सुंदर असण्यापेक्षा त्याच्या भोवती वेगवेगळ्या उंचीवर कॅमेरे असणं जास्त महत्त्वाचं, हे आम्हाला उशिरा कळलं. इन्सब्रुक या बाबतीत नशीबवान आहे. शहर इन नदीच्या खोऱ्यात, साधारण ५७४ मीटरवर. उत्तरेला नॉर्डकेटेची भिंत अंगावर आल्यासारखी उभी, तिथलं हाफेलेकार शिखर २,३३४ मीटर. दक्षिणेला पाचरकोफेल, २,२४६ मीटर. त्याच्या बाजूने विपटालची दरी वर ब्रेनर खिंडीपर्यंत जाते आणि ती खिंड ओलांडली की इटली. म्हणजे शहरातून डोंगर दिसतो, डोंगरावरून शहर दिसतं, आणि एकाच वेळी दोन्हीकडचं हवामान पडद्यावर शेजारी शेजारी ठेवता येतं. एकट्या चौकातल्या कॅमेऱ्यातून हे कधीच मिळालं नसतं.

कॅमेऱ्यांचे तीन प्रकार आम्ही वापरले. पहिला सतत चालणारा व्हिडिओ. झाडं हलताना, गाड्या जाताना दिसतात, माणूस लगेच गुंततो. पण एचडीमध्ये तासाला सहज दीड-दोन जीबी डेटा जातो, आणि 'लाइव्ह' म्हटलं तरी चित्र बहुधा पंधरा-वीस सेकंद मागे असतं, कधी त्याहूनही जास्त. दुसरा प्रकार ३६० अंशांत फिरून मोठं चित्र तयार करणारा पॅनोरमा कॅमेरा. स्की भागात हेच जास्त. कुठलं शिखर कोणतं ते यावर कळतं, कारण बरेचदा नावं चित्रावरच लिहिलेली असतात. तिसरा प्रकार ठरावीक वेळाने एकच स्थिर फोटो देणारा. आधी मी याला कमी लेखलं होतं. दहा मिनिटांनी एक फोटो, त्यात लाइव्ह ते काय?

आज मला विचाराल तर तिसराच सगळ्यात चांगला. आल्प्समध्ये फोटो-वेबकॅम डॉट ईयू नावाचं एक जाळं आहे. त्यांचे कॅमेरे चांगल्या दर्जाचे असतात, दर दहा मिनिटांनी फोटो येतो आणि जुने फोटो साठवलेले राहतात. फोटो इतका स्पष्ट की मोठा करून समोरच्या कड्यावरची एकेक घळ बघता येते. आणि खरी किंमत त्या साठवणीची आहे. आत्ता काय चाललंय हे बघून पाच मिनिटांत माणसाचं मन भरतं. पण आजची दुपार आणि बरोबर महिन्यापूर्वीची दुपार शेजारी लावली की शहर बोलायला लागतं. ऑक्टोबरमध्ये नॉर्डकेटेवर बर्फाची रेषा अशी उतरली की जणू कोणी पट्टी ठेवून आखली. वर पांढरं, खाली तपकिरी, मधे काही नाही. केबल कारच्या थांब्यांची उंची माहीत असली की त्या रेषेची उंची अंदाजाने सांगता येते. झेगरूबे १,९०५ मीटर, हुंगरबुर्ग ८६० मीटर. बाबांनी वही घातली आणि रोजची रेषा लिहायला लागले. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान कमी होतं, हे गणित त्यांनी मला शाळेत शिकवलं होतं. ते डोंगरावर आखलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रात्रीच्या चित्रांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आम्ही फसलो होतो. ऑक्टोबरमधल्या एका रात्री अडीचचा फोटो उघडला तर डोंगर दुपारसारखा उजळलेला, आकाश निळं. कॅमेरा बिघडला असं वाटून मी बंद करणार होते. बाबांनी बोट ठेवलं, "वर बघ. चांदण्या आहेत." रात्री हे कॅमेरे बराच वेळ उजेड गोळा करत राहतात, त्यामुळे पौर्णिमेच्या चांदण्यातला बर्फ उन्हासारखा दिसतो आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या जागी नुसत्या लाल-पांढऱ्या रेघा उरतात. डोळ्यांना तिथे एवढं दिसत नसणार. म्हणजे कॅमेऱ्याला दिसतं ते तिथे उभ्या असलेल्या माणसाला दिसेलच असं नाही. दिवसाही हाच प्रश्न येतो. रुंद भिंगामुळे डोंगर बुटका आणि लांब वाटतो. इन्सब्रुकला जाऊन आलेल्या कोणीही टाकलेला साधा फोटो बघा, तोच डोंगर छपरांवर वाकलेला दिसतो.

आता फॉन. त्याच्यासाठी दोन महिने थांबलो. हा वारा वसंतात आणि शरदात जास्त येतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाचरकोफेलवरचा कॅमेरा थरथरत होता, चित्र स्थिर राहत नव्हतं. पण त्याच मिनिटाला शहरातल्या कॅमेऱ्यात धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता, दोऱ्यासारखा. वर वादळ आणि खाली पान हलत नाही! बाबा खुर्ची ओढून पुढे बसले. दक्षिणेच्या डोंगररांगेवर ढगांची पांढरी भिंत उभी होती, ती पुढे येत नव्हती. तिच्या अलीकडे निळ्या आकाशात मसुराच्या दाण्यासारखे फुगीर, गुळगुळीत ढग. तासाभराचे फोटो भरभर चालवले तेव्हा आणखी एक दिसलं. ते ढग जागचे हलतच नव्हते. वारा त्यांच्यातून वाहत जात होता आणि ढग लाटेच्या माथ्यावर तिथेच पुन्हा पुन्हा तयार होत होता.

खोऱ्यात रात्रीची थंड, जड हवा साचलेली असते. ती बाजूला होईपर्यंत वारा खाली पोचत नाही. तिथल्या घड्याळात अकरा वाजून गेल्यावर धूर एकदम आडवा झाला. सकाळी ४ अंश असलेलं तापमान दुपारी १५च्या पुढे गेलं. हवा इतकी स्वच्छ झाली की नॉर्डकेटे दोन पावलं पुढे आल्यासारखी वाटली. बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकतीस वर्षं शिकवला. दिसतो कसा ते आज कळलं."

त्या दिवसाने त्यांना एक प्रश्नही दिला. आपल्याला शिकवतात ते असं: वारा डोंगर चढतो, पाऊस पाडतो, कोरडा होतो आणि उतरताना दर शंभर मीटरला साधारण एक अंश तापतो. म्हणून त्यांनी ब्रेनरपलीकडचा, इटलीच्या बाजूचा कॅमेरा लावायला सांगितला. तिथे पाऊस असायलाच हवा होता. आकाश करडं होतं, पण रस्ता कोरडा. मग आम्ही वाचलं. पलीकडे पाऊस न पडताही फॉन येतो. अनेकदा खालची हवा डोंगराआड अडून राहते आणि वरच्या थरातली, आधीच कोरडी असलेली हवा खोऱ्यात उतरते. उतरताना दाबली जाऊन ती तापते, त्यासाठी पावसाची गरज नाही. पाऊस पडला तर त्याची भर पडते, एवढंच. बाबांना आपण अर्धंच शिकवलं याची रुखरुख लागली, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी दोन जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून ते सांगितलं. ते दोघंही आता भूगोलच शिकवतात.

त्रासाचं बोलायचं तर सगळ्यात मोठा त्रास मेलेल्या कॅमेऱ्यांचा. जगभरचे वेबकॅम एकत्र दाखवणाऱ्या एका साइटवर आम्हाला तीन दिवसांचं जुनं चित्र 'लाइव्ह' म्हणून दिसत होतं. कोपऱ्यातली तारीख-वेळ कापलेली. बाबांच्या लक्षात आलं ते सावलीमुळे. सकाळी आणि संध्याकाळी बघितलं तरी कळसाची सावली त्याच छपरावर. तेव्हापासून ज्या चित्रावर वेळ नाही तो कॅमेरा आम्ही यादीत घेत नाही. वेळ असली तरी ती कुठली हे बघावं लागतं, काही कॅमेरे स्थानिक वेळ न देता यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतात. भारत आणि ऑस्ट्रिया यांच्यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. त्या सोमवारी आमचा सूर्योदय चुकला, आम्ही काळोख बघत बसलो.

भिंगावर बर्फ साचणं, पावसाचे थेंब, जाळं विणून बसलेला कोळी, हे सगळं होतं आणि त्याला इलाज नाही. जानेवारीत वरचा एक कॅमेरा चार दिवस नुसता पांढरा होता.

काही शहरांत रस्त्यावरचे कॅमेरे इतके जवळ असतात की बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. असे दोन कॅमेरे आम्ही बघून लगेच बंद केले. त्या माणसाला ठाऊक नाही की हजारो मैलांवरून कोणी त्याला न्याहाळतंय. इन्सब्रुकचे आमचे पाचही कॅमेरे लांबून, उंचावरून बघतात. माणसं ठिपक्याएवढी, आणि तेच बरं आहे.

या सगळ्याची सुरुवात कॉफीच्या भांड्यापासून झाली हे वाचून बाबांना फार आनंद झाला. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूमबाहेरच्या भांड्यात कॉफी उरलीय का, हे जागेवरून बघता यावं म्हणून कॅमेरा लावला होता. १९९३ मध्ये तो वेबवर आला, २००१ मध्ये बंद झाला. सॅन फ्रान्सिस्कोचा फॉगकॅम १९९४ पासूनचा. एकाने कॉफी दाखवली, दुसऱ्याने धुकं. बाबांना दोन्ही पटलं, कारण त्यांनाही रोज सकाळी एवढंच बघायचं असतं की आज डोंगर आहे का.

डिसेंबरमध्ये ते काठी घेऊन घरात चालायला लागले. २१ तारखेला त्यांनी गणित मांडलं. इन्सब्रुक ४७ अंशांच्या थोडं वर, म्हणजे मध्यान्ही सूर्य क्षितिजावर जेमतेम १९ अंश. जूनमध्ये हाच ६६ च्या वर जाईल. आणि मध्यान्हही बाराला येत नाही, शहर त्यांच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला असल्यामुळे सव्वाबाराच्या सुमाराला येते. आम्ही बारा दहाचा आणि बारा वीसचा फोटो लावला आणि एका छपराची सावली उशीच्या अभ्र्याएवढी सरकलेली पाहिली.

सध्या नॉर्डकेटेवरची रेषा पुन्हा वर चढते आहे. वहीत कालची नोंद अशी आहे: 'रेषा झेगरूबेच्या बरीच खाली. दक्षिणेला ढगांची भिंत. धूर अजून सरळ.' पुढचा रविवार मार्चचा शेवटचा, तेव्हा टीव्हीच्या कडेला चिकटवलेली साडेचार तासांची चिठ्ठी काढून बाबांनी साडेतीनची लिहून ठेवली आहे.