शेवरले इम्पाला १९६४: नऊ महिने चालवल्यानंतर

इंजिन २८३ क्यूबिक इंचाचं व्ही-८, गिअरबॉक्स दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. नऊ महिन्यांत न्यू जर्सीच्या रस्त्यांवर सुमारे ३,००० मैल झाले. लांबी जवळजवळ साडेसतरा फूट आहे, तेव्हा आधी गॅरेज मोजा.

क्रोमला हात लावण्याआधी ब्रेकचं काम करा. चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एकाच कप्प्याचा. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक जातात. १९६७ पासून कंपनीने दोन कप्प्यांचा दिला, तसा इथे बसवता येतो. रबरी ब्रेक होज बाहेरून ठणठणीत दिसतात, पण आतून फुगतात. मग पाय काढल्यावरही चाक धरून राहतं आणि ड्रम तापतो. तिन्ही होज बदलाच.

या गाडीचं खरं सुख इग्निशनमध्ये आहे. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीला छोटी सरकती खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून तिच्यातून १/८ इंची अॅलन की घाला, इंजिन मिसिंग मारेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि अर्धा फेरा मागे या. झाली सीबी पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची, सेटिंग! मीटर लावला तर ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३० अंशांच्या आसपास येतो. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, त्यानंतरच बघायचं (व्हॅक्यूमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून, ४ अंश आगाऊ), कारण ड्वेल हलला की टायमिंगही हलतं. डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या कॅमवर घासणारा पॉइंटचा ठोकळा झिजला की गॅप कमी होतो, टायमिंग मागे पडतं आणि पिकअप मंदावतो. कॅमला ग्रीसचं बोट लावलं की ही झीज बरीच थांबते. इतकं समोर, इतकं हाताला येणारं यंत्र आजच्या गाडीत नाही, आणि ही गाडी आवडण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

ऑइल फिल्टर डब्यातला आहे, म्हणजे डबा तोच ठेवून आतला फिल्टर बदलायचा. दर वेळी ब्लॉकच्या खाचेतली जुनी रबरी रिंग टोच्याने उकरून काढा. ती वरच चिकटून राहते, त्यावर नवी बसली की ऑइल धो धो गळतं. फिल्टरसकट ५ क्वार्ट (सुमारे पावणेपाच लिटर) ऑइल लागतं. ते झिंक जास्त असलेलंच घ्या, नाहीतर कॅमशाफ्ट आणि टॅपेट खाल्ले जातात.

पॉवरग्लाइडचं तेल कमी होतंय, खाली थेंब नाही, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या, गिअरबॉक्सवरच्या छोट्या डबीची) नळी ओढून बघा. आत लाल तेल असेल तर पडदा फाटलाय आणि इंजिन ते तेल ओढून जाळतंय. भाग स्वस्त आहे. गिअरबॉक्स उघडायला निघालेल्या मेकॅनिकला थांबवा.

लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास मिळतात. हायवेवर गाडी तरंगते, वळणावर झुकते. एक्स आकाराच्या चासीला दारांखाली आडोसा देणाऱ्या लांब तुळया नाहीत, त्यामुळे बाजूने धडक बसली तर फार थोडं संरक्षण मिळतं. हे माहीत असूनच चालवावी.

घेताना डिकीतली चटई उचला. मागच्या काचेच्या खालच्या कडेला पत्रा कुजतो आणि पाणी तिथून थेट डिकीत उतरतं. त्या कडेला बोटाने दाबून बघा. रंगाखाली पुट्टी (खड्डे भरायचा लेप) असेल तर लोहचुंबक तिथे चिकटत नाही.