भाड्याचं मेटल डिटेक्टर, सोनं धुवायची थाळी आणि रावेरच्या केळीबागेत दोन रात्री

हा रिव्ह्यू मशीनचा, थाळीचा आणि भाड्याने देणाऱ्याच्या सर्व्हिसचा, असा तिघांचा आहे. तिघांचा अनुभव सारखा नाही आला म्हणून मार्कही वेगवेगळे देतोय. दुकानाचं नाव टाकत नाही, पण जे झालं ते सगळं लिहितो, म्हणजे कोणी असं काही भाड्याने घ्यायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग होईल.

झालं असं की मागच्या दिवाळीनंतर केळीला खत टाकताना मामीच्या बोटातली अंगठी पडली. अर्ध्या तोळ्याची, 22 कॅरेट, तिच्या आईने दिलेली. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली त्यामुळे किमतीचा विषयच नव्हता. तेव्हा दोन दिवस सगळ्यांनी माती चाळली, नाही सापडली. यंदा केळी कापून झाली, खोडं काढली आणि मामा म्हणाले सोमवारी रोटावेटर फिरवणार. रोटावेटर फिरला की अंगठी वाकडी होऊन कुठल्या कुठे जाणार हे उघड होतं. शुक्रवारी मला फोन आला आणि शनिवारी सकाळी मी भुसावळहून मशीन घेऊन निघालो. सोबत एक मित्र, ज्याला नदीत सोनं धुवून बघायची फार वर्षांपासून हौस, आणि बाबांच्या ओळखीचे एक काका, ज्यांनी जळगावच्या सराफ बाजारात आयुष्यभर झारेकऱ्याचं काम केलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, पायपुसण्याखालची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ हे सगळं विकत घेऊन धुवून त्यातून सोनं काढतात ते झारेकरी. माझ्या मते हेच आपल्याकडचे खरे सोनं शोधणारे आहेत.

आता आधी सर्व्हिसचं सांगतो कारण राग अजून आहे. दोन दिवसांचं भाडं 1,500, डिपॉझिट 5,000, थाळी 200 वेगळी. फोनवर सांगितलं की मशीन चार्ज करून ठेवलंय, हेडफोन आहे, पिनपॉइंटर (खड्ड्यात धातू नेमका कुठे आहे ते दाखवणारी हातातली छोटी काडी) पण आहे. शेतावर जाऊन बॅग उघडली तर बॅटरी एक काडी, हेडफोनची वायर तुटलेली आणि पिनपॉइंटर बॅगेतच नाही. फोन केला तर म्हणे सोमवारी या, बघू. अहो सोमवारी रोटावेटर आहे! दोन तास मामाच्या ट्रॅक्टरवर मोबाईलच्या चार्जरने मशीन चार्ज केलं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नसेल त्याने काय करायचं? तेव्हा घेताना दुकानातच चालू करून बघा, जमिनीवर नाणं टाकून आवाज येतो का ते बघा आणि मगच पैसे द्या.

मशीन चालू झालं आणि पहिला दिवस सगळा वाया गेला, पण का गेला ते नीट सांगतो कारण या रिव्ह्यूत सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. आपली काळी जमीन बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक कण भरपूर, त्यामुळे मशीन नुसत्या मातीवरच कुरकुर करतं. त्यासाठी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो, म्हणजे जिथे धातू नाही अशा जागी कॉइल, म्हणजे दांड्याखालची गोल चकती, वीतभर खालीवर करत राहायची आणि बटण दाबून मशीनला समजू द्यायचं की हा मातीचा आवाज आहे, हा सोड. हे जमलं. पण विहिरीजवळच विजेची डीपी आहे आणि वरून लाईन गेलेली, तिच्याखाली गेलं की मशीन एकसारखं टुकटुक करत राहायचं. सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणली तेव्हा शांत झालं, पण मग खोलवरचं काही ऐकू येईना.

दुसरी चूक माझी. मशीन प्रत्येक धातूला पडद्यावर एक आकडा देतं. या मशीनवर लोखंड 40 च्या खालचा आकडा दाखवतं, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी (म्हणजे चकचकीत कागद), गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा पत्रा हे सगळं 45 ते 60. शेतात मजुरांची ये-जा असते, त्यामुळे हा कचरा पावलापावलाला. शंभर ठिकाणी उकरायला नको म्हणून मी लोखंड आणि हा चांदीचा पट्टा दोन्ही बंद करून टाकले आणि दिवसभर फिरलो. सापडलं काय, तर 1988 सालचं 20 पैशांचं षटकोनी ॲल्युमिनियमचं नाणं आणि पितळेचा एक नोझल. संध्याकाळी काकांनी विचारलं, "अंगठी कुठल्या आकड्याला बोलते ते बघितलं का?" नव्हतं बघितलं. मामीच्या दुसऱ्या हातातली तशीच अंगठी काढून मातीत ठेवली आणि वरून कॉइल फिरवली. 54. बरोब्बर चांदीच्या पट्ट्यात. म्हणजे दिवसभर मी मशीनला सांगत होतो की अंगठीचा आवाज ऐकू देऊ नकोस. काका एवढंच म्हणाले, "उद्या कचरा वेचू."

रात्री थंडी कडक होती. तंबू आणलेला पण मी आणि मित्र खळ्यातच खाटेवर झोपलो. जेवायला पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजलेल्या बामणोदच्या वांग्यांचं, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी, त्यावर कांद्याची पात. मामीने वाढताना अंगठीचं नाव काढलं नाही, एकदाही नाही. त्यानेच जास्त वाईट वाटलं.

आता थाळीचं. शनिवारी दुपारी मशीन चार्ज होत होतं तेव्हा आम्ही तापीवर जाऊन आलो. थाळी हिरव्या प्लास्टिकची, 14 इंची, एका बाजूला आडव्या खाचा. मित्राने काठाची चार घमेली वाळू धुतली, धुवून वाळू तिथेच परत टाकली. शेवटी खाली उरते ती काळी वाळू, लोहचुंबक फिरवलं की मिशीसारखी चिकटून वर येते. सोनं नाही निघालं, आणि ते निघायचं कारणही नाही. आपल्या खालचा खडक 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्या देशातल्या सोन्याच्या शिरा त्याहून कितीतरी जुन्या खडकात असतात, कर्नाटकातल्या कोलार आणि हट्टीच्या खाणी तशाच खडकात आहेत. त्यातलं कोलार 2001 ला बंद झालं, हट्टी चालू आहे. नदीच्या वाळूत सोन्याचे कण धुणारी माणसं झारखंडात सुवर्णरेखेच्या काठी आहेत, तापीकाठी नाहीत. तेव्हा कोणी तुम्हाला खान्देशात नदीतून सोनं काढून दाखवतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

पण थाळी वाया गेली असं अजिबात नाही. काकांनी पिशवीतून एक पुडी काढली, सराफाच्या दुकानातल्या झाडलोटीची, करड्या रंगाची माती, त्यात केस, सुतळीचे तुकडे, मेणाचे कण. ती थाळीत ओतली, पाणी घेतलं आणि आधी नुसती बोटांनी कालवली, पाच मिनिटं, गुठळी राहू दिली नाही. त्यांचं म्हणणं की गुठळीत सोनं अडकून पाण्यावाटे निघून जातं आणि नवीन माणूस इथेच घाई करतो. मग थाळी गोल हलवायची, जरा तिरकी करायची, वरचं हलकं पाण्याबरोबर जाऊ द्यायचं, परत पाणी, परत हलवायचं. सोनं पाण्याच्या 19 पट जड, काळी वाळू पाचेक पट, साधी वाळू अडीच पट. म्हणून सोनं सगळ्यात खाली बसतं आणि सगळ्यात शेवटी हलतं. वीस मिनिटांनी थाळीच्या कडेला काळ्या वाळूची चंद्रकोर उरली. काकांनी पाण्याचा एक चुळकाभर लोट हळूच मागून सोडला, काळं पुढे सरकलं आणि मागे राहिले सात कण, मोहरीच्या सालाहून बारीक, पण रंग असा की सावलीतसुद्धा कळत होता. उन्हात चकाकणारा अभ्रक सावलीत विझतो, सोनं विझत नाही, हे त्यांनी थाळीवर हाताची सावली धरून दाखवलं. माझा मित्र खाली बसूनच राहिला. त्या सात कणांची किंमत किती ते मी विचारलंही नाही.

काका स्वतः घरी लोखंडी परात वापरतात, तरी त्यांनी प्लास्टिकच्या थाळीला चांगलं म्हटलं. खाचांमुळे नवशिक्याचं सोनं वाहून जात नाही आणि हिरव्या रंगावर काळं आणि पिवळं दोन्ही उठून दिसतं. धंद्यात पुढे पारा आणि तेजाबाचं (ॲसिडचं) काम असतं, ते त्यांनी आम्हाला करू दिलं नाही. पाऱ्याच्या वाफेने या धंद्यातल्या माणसांचे हात थरथरायला लागलेले त्यांनी बघितलेत. थाळीला माझ्याकडून 5 पैकी 5.

रविवारी सकाळी सातला सुरू केलं. मामीला आठवत होतं की विहिरीकडच्या 4 ओळींतच खत टाकत होतो, तेवढ्याच ओळी धरल्या, दोरी बांधून पट्टे पाडले, कॉइल जमिनीला घासेल इतकी खाली आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून. फक्त लोखंड बंद ठेवलं, बाकी जो आवाज येईल तो उकरायचा. मामेभाऊ खुरपं घेऊन मागे. पिनपॉइंटर नसल्यामुळे प्रत्येक खड्ड्यातली माती मूठ मूठ कॉइलवरून फिरवायची, यात फार वेळ गेला. दोन तासांत 60 च्या वर खड्डे, गोळ्यांची पाकिटं, बाटलीची बुचं, वखराच्या पासेचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, मोठा तुकडा (मोठं लोखंड असलं की मशीन फसतं आणि वरचा आकडा दाखवतं). काका ओट्यावर बसून बादलीत कचरा मोजत होते.

सव्वानऊला लाईट गेली. विहिरीवरची मोटर बंद पडली आणि त्याच क्षणी मशीनही गप्प झालं. डीपीखाली जे टुकटुक चालू होतं ते एकदम थांबलं. मी सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर केली आणि काल जिथे काहीच ऐकू येत नव्हतं त्या लाईनखालच्या ओळीतून परत गेलो. तिसऱ्या फेरीला एक बारीक, गोल, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज आला. पत्र्याचा आवाज एका बाजूने फाटका येतो, हा फाटत नव्हता. आकडा 53, 54, 53. मामेभावाने खुरप्याने लांबून गोल कापत मातीचं ढेकूळ उचललं, पाच बोटं खोल होतं. ढेकूळ फोडलं तर आधी केळीची मुळं दिसली, आणि त्या मुळांत अंगठी. एक मूळ चक्क अंगठीतून आरपार गेलेलं होतं. वर्षभर मातीत राहूनही तिला डाग नव्हता, फक्त खाचांत काळी माती बसलेली.

मामीला हाक मारली तर ती पिठाच्या हातानेच आली. मूळ तोडू दिलं नाही तिने, स्वतः हळूहळू ओढून काढलं. "माय माय," एवढंच म्हणाली आणि अंगठी पदराला पुसत राहिली.

मशीनला 5 पैकी 4. एक मार्क कापला कारण लाईनजवळ टिकत नाही आणि लाईनचा त्रास टाळायला फ्रीक्वेन्सी बदलायची सोय या मॉडेलात नाही. तुम्ही घेत असाल तर फ्रीक्वेन्सी बदलता येणारं बघा, आपल्याकडे विहीर तिथे मोटर आणि मोटर तिथे लाईन असतेच. सर्व्हिसला 5 पैकी 1. डिपॉझिटमधून 500 कापले, कारण काय तर मशीनला माती लागली.

अजून एक महत्त्वाचं. गावात मशीन फिरवायच्या आधी पोलीस पाटलांना सांगा. आम्ही मामांमार्फत सांगितलेलं, तरी दहा वाजेपर्यंत बांधावर वीस-पंचवीस माणसं, गुप्तधन निघालं म्हणून. गुप्तधनाच्या नावाने आपल्या भागात किती माणसं नागवली गेलीत ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मामांनी सगळ्यांना बोलावून अंगठी दाखवली, चहा पाजला आणि विषय संपवला. जमिनीत पुरलेलं जुनं काही मौल्यवान सापडलं आणि किंमत 10 रुपयांच्या वर असली तर 1878 च्या निखात निधी कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं, लपवलं तर तुरुंगवास आहे. परतताना मित्र म्हणाला चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर मंदिराच्या आवारात एक चक्कर मारू मशीन घेऊन. मी गाडी थांबवली नाही. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित मंदिर आहे, तिथली माती उकरायचा कोणालाच हक्क नाही.

रोटावेटर सोमवारी ठरल्याप्रमाणे फिरला. मामीने ते केळीचं मूळ फेकलं नाही, देवघरात वाटीत ठेवलंय. काकांनी ते सात कण कागदाच्या पुडीत बांधून मित्राला देऊन टाकले आणि पुढच्या वेळी स्वतःच्या हाताने धुवायला ये म्हणून जळगावचा पत्ता दिला.